बरणीतला रुग्ण : हायड्राची प्रकृती कशी ओळखावी?

प्रवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निळा समुद्र, रंगीत मासे आणि लक्षद्वीपची बेटे उभी राहतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वाटेल, आपला आणि प्रवाळाचा काय संबंध? समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. आपल्या जिल्ह्यात सिमेंटच्या कारखान्यांना पुरवला जाणारा चुनखडक पुष्कळ आहे. पण तोसुद्धा प्रवाळांनी घडवलेला नाही. तो प्रवाळ पृथ्वीवर अवतरण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

तरीही प्रवाळाचा एक सख्खा नसला तरी चुलत भाऊ आपल्या गावच्या तलावात राहतो. त्याचे नाव हायड्रा. प्रवाळाच्या एका सुट्या जीवाची, म्हणजे पॉलिपची, शरीररचना जशी असते तशीच हायड्राची असते : एक पोकळ नळी, नळीच्या एका टोकाला तोंड, तोंडाभोवती हातांसारखे संस्पर्शक आणि दुसऱ्या टोकाला आधाराला चिकटणारा तळ. आत घेण्याचे आणि बाहेर टाकण्याचे दार एकच. संस्पर्शकांवर विषारी सुया सोडणाऱ्या दंशपेशी. हे दोघेही निडारिया या एकाच संघात मोडतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत या संघाला सिलेंटराटा म्हणत.

शहरांतले काही हौशी लोक खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत मृदू प्रवाळ पाळतात आणि त्याचे पॉलिप मिटले, वाळले किंवा पांढरे पडले म्हणजे काळजीत पडतात. 'याला झाले आहे तरी काय?' हा त्यांचा प्रश्न. हाच प्रश्न आपण खर्च न करता, एका काचेच्या बरणीत, हायड्राच्या बाबतीत सोडवायला शिकू शकतो. मी स्वतः भौतिकशास्त्र शिकवतो. पण या रुग्णाची तपासणी करताना भौतिकशास्त्र पावलोपावली कामी येते, हे तुमच्या लवकरच ध्यानात येईल.

हायड्रा मेला तर चौकशी का करायची?

माणूस, गाय, कुत्रा यांना म्हातारपण येते. हायड्राचे तसे नाही. डॅनिएल मार्टिनेझ या शास्त्रज्ञाने हायड्रांचे चार वर्षे निरीक्षण करून १९९८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतक्या काळात त्यांच्यात वार्धक्याची लक्षणे दिसली नाहीत. त्यांचा मृत्युदर वयाबरोबर वाढला नाही. हायड्राच्या शरीरातील पेशी सतत विभागत राहतात आणि जुन्या पेशी टोकांकडून गळून जातात. शरीर जणू रोज थोडे थोडे नवे होत असते. (काही जातींत लैंगिक प्रजननानंतर वार्धक्य येते, हा अपवाद लक्षात ठेवावा.)

याचा अर्थ नीट समजून घ्या. बरणीतला हायड्रा खंगू लागला तर 'वय झाले असेल' असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. कारण बाहेर आहे. पाण्यात, उन्हात, खाण्यात किंवा भांड्यात आहे. ते शोधणे म्हणजेच निदान.

रुग्ण कोठे मिळेल?

झाडीपट्टीत तलावांना तोटा नाही. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतो, आणि शेतांजवळच्या लहान बोड्या यांतील संथ, स्वच्छ, वनस्पतींनी भरलेले पाणी हायड्राला मानवते. हिवाळ्यात शोध घ्यावा. शिंगाड्याच्या किंवा कमळाच्या पानांची खालची बाजू, हायड्रिलाच्या काड्या, पाण्यात पडलेली कुजकी काटकी, ही त्याची आवडती ठिकाणे. मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच काठावर जावे. ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानातून किंवा कोणत्याही संरक्षित क्षेत्रातून काहीही आणू नये. गावची बोडी पुरेशी आहे.

पाण्यातून काढलेला हायड्रा जिलेटिनच्या इवल्याशा थेंबासारखा दिसतो, ओळखू येत नाही. म्हणून थोड्या पाणवनस्पती त्याच तलावाच्या पाण्यासह रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवा. बरणी खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही अशी, काही तास हलवू नका. हायड्रा प्रकाशाकडे सरकतो. उजेडाच्या बाजूच्या काचेवर अर्धा ते दीड सेंटिमीटर लांबीचे, तपकिरी किंवा हिरवट धाग्यासारखे काही लटकलेले दिसले आणि त्याच्या टोकाला सहा-सात बारीक तंतू डुलताना दिसले, की तुमचा रुग्ण सापडला.

तपासणीची साधने

डॉक्टरांकडे स्टेथोस्कोप असतो. तुमच्याकडे पुढील वस्तू हव्यात : एक बहिर्गोल भिंग, एक तापमापी, टॉर्च, काळा कागद, ड्रॉपर, मऊ ब्रशचा एक केस आणि वही.

पाहण्याची रीत महत्त्वाची आहे. हायड्रा जवळजवळ पारदर्शक असतो. त्याच्या पाठीमागून सरळ प्रकाश टाकला तर तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. काळा कागद बरणीच्या मागे लावा आणि टॉर्च बाजूने मारा. आता प्रकाश हायड्राच्या शरीरावरून विखुरला जाऊन तुमच्या डोळ्यांत येतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर तो उजळून दिसतो. बंद खोलीत उन्हाच्या तिरिपेतले धूलिकण दिसतात, तोच हा प्रकार.

दुसरी सूचना मोजमापाची. पाण्याने भरलेली गोल बरणी हेच एक दंडगोलाकृती भिंग असते. ती वस्तू आडवी फुगवून दाखवते, उभी नाही. म्हणून जाडी गोल बरणीतून मोजू नका; लांबी उभ्या दिशेने मोजा किंवा सपाट बाजूची बाटली घ्या. रुग्ण जाड झाला की बरणीने जाड दाखवला, हा घोटाळा त्यामुळे टळतो.

निरोगी हायड्राची लक्षणे

आजार ओळखण्यापूर्वी आरोग्य ओळखता आले पाहिजे. निरोगी हायड्रा शरीर लांबवून राहतो. संस्पर्शक लांब, निमुळते आणि टोकाशी केसासारखे बारीक असतात. ब्रशच्या केसाने हलकेच स्पर्श करताच तो झटकन आखडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा हळूहळू लांबतो. डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, संस्पर्शकाला लागताच तिची धडपड क्षणात थांबते आणि ती तोंडाकडे ओढली जाते. खाणेपिणे नीट असेल तर त्याच्या अंगावर मुकुल फुटतात आणि तीन-चार दिवसांत पिल्लू सुटे होते. मुकुल मोजत राहा. हायड्राच्या भरभराटीचे याहून सोपे माप नाही.

जे आजार नाहीत ते

नवशिका वैद्य सर्वांत जास्त फसतो तो येथे. पुढील तीन गोष्टी आजारासारख्या दिसतात, पण त्या आजार नाहीत.

पहिली : हायड्रा कोणी न छेडताही काही मिनिटांच्या अंतराने आपोआप आखडतो. याला एक कारणही आहे. त्याच्या पेशींतील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या गोड्या पाण्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे परासरणाने पाणी सारखे आत शिरते. ते पोकळीत जमा होते आणि आखडून बाहेर टाकले जाते. म्हणून एकदा पाहून निर्णय देऊ नका. दहा-दहा मिनिटांनी निदान तीनदा पाहा.

दुसरी : पोटभर खाल्ल्यावर तो आखूड आणि फुगीर होतो. काही तासांनी उरलेसुरले तोंडावाटे बाहेर टाकून पूर्ववत होतो.

तिसरी : हिवाळ्यात किंवा उपासमारीत त्याच्या अंगावर वरच्या बाजूस लहान शंकू व खाली गोल फुगवटा येतो. ही गाठ नव्हे. ती वृषणे आणि अंडाशय होत.

मृदू प्रवाळाचेही असेच आहे. सार्कोफायटॉन नावाचा चामड्यासारखा मृदू प्रवाळ मधूनमधून काही दिवस सगळे पॉलिप मिटून बसतो आणि मग अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकून पुन्हा फुलतो. तो पापुद्रा टाकत असताना घाबरून पाण्यात औषधे ओतणारा मालकच त्याला आजारी पाडतो.

आजाराच्या पायऱ्या

खरा आजार असेल तर हायड्रा एका ठराविक क्रमाने खालावतो. पाण्यातील विषारीपणा मोजणारे संशोधकही याच क्रमाचा उपयोग करतात. आपल्या वहीसाठी मी त्याचे पाच आकडे करून देतो.

पायरी ० : शरीर व संस्पर्शक लांब, स्पर्शाला तत्काळ प्रतिसाद. निरोगी.

पायरी १ : संस्पर्शकांची टोके गोळा होऊन मुद्गलासारखी जाड दिसतात. प्रतिसाद मंद.

पायरी २ : संस्पर्शक आखूड होतात. शरीरही आखडलेले राहते. भक्ष्य अंगाला लागले तरी पकडले जात नाही.

पायरी ३ : शरीर आणि संस्पर्शक मिळून ट्यूलिपच्या किंवा कमळाच्या मिटत्या कळीसारखा आकार. हायड्रा तळाशी पडतो.

पायरी ४ : कडा धूसर होतात, पेशी सुट्या होऊन पसरतात. रुग्ण गेला.

पायरी १ आणि २ वरून हायड्रा परत येऊ शकतो. पायरी ३ वरून सहसा येत नाही. म्हणजे आपल्याला जे काही करायचे ते पहिल्या दोन पायऱ्यांवर केले पाहिजे. रोज ठरलेल्या वेळी पाहणे आणि आकडा लिहून ठेवणे यासाठीच आवश्यक आहे. आठवड्यातून एकदा पाहणाऱ्याला ० नंतर एकदम ४ दिसतो आणि कारण कळत नाही.

कारणांचा शोध

आता संशयितांना एकेक करून बोलावू.

१. उष्णता आणि प्राणवायू. प्रयोगशाळेत हायड्रा १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. गरम पाण्यात दुहेरी संकट असते. २० अंशांना एक लिटर पाण्यात हवेतला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांना तो सुमारे ६.९ मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे पुरवठा पाव हिश्शाने घटला. उलट तापमान १० अंशांनी वाढले की सजीवांतील रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो; १५ अंशांनी वाढले तर अडीच पटींच्याही वर. म्हणजे मागणी वाढली. मिळकत कमी आणि खर्च जास्त अशा घराचे जे होते तेच बरणीचे होते. त्यात खाण्याचे उरलेले तुकडे कुजत असतील तर जिवाणू राहिलेला प्राणवायूही संपवतात.

बरणीचे तोंड येथे निर्णायक ठरते. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. एक लिटर पाणी निमुळत्या बाटलीत गळ्यापर्यंत भरले तर पृष्ठभाग रुपयाएवढा. तेच काचेच्या पसरट भांड्यात ओतले तर ताटलीएवढा. याची एक जुनी गोष्ट आहे. हायड्राचे तुकडे केल्यास प्रत्येक तुकड्यातून नवा हायड्रा तयार होतो, हे अब्राहम ट्रेंबले यांनी हेगजवळ १७४० मध्ये पाहिले. त्यांनी पॅरिसला रेओम्यूर या निसर्गशास्त्रज्ञाकडे हायड्रा पाठवले, तेव्हा पहिल्या खेपेला बाटली लाखेने घट्ट बंद केली होती. हायड्रा मेलेले पोचले. पुढच्या खेपेला साधे बूच लावले आणि ते जिवंत पोचले.

लक्षणे : सकाळी ठीक, दुपारनंतर आखडलेले, पाण्याला वास, हायड्रा पृष्ठभागाकडे सरकलेले. उपाय : पसरट भांडे, सावली आणि गारवा. गारव्यासाठी बर्फ नको. एकदम थंडी हाही धक्काच. परातीत वाळू घालून ती ओली ठेवा आणि तिच्यात बरणी अर्धी रोवा. बरणीभोवती ओले फडके गुंडाळा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढली जाते. म्हणजे ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड करण्याइतकी. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वावर. आपल्या भागातला उन्हाळा कोरडा असल्याने ही युक्ती मे महिन्यात उत्तम चालते. जुलैच्या दमट हवेत मात्र चालत नाही, पण तेव्हा तिची गरजही कमी असते.

२. तांबे आणि पितळ. आपल्या घरांत पिण्याचे पाणी तांब्याच्या घागरीत भरण्याची चाल आहे. माणसाला ते पाणी चालते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. हायड्राला मात्र लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या काही शतांश भागांएवढे तांबेही जिवावर बेतते. म्हणून घागरीतले पाणी, पितळी तोटीत रात्रभर साचलेले पहिले पाणी आणि पितळी गाळणी हे सारे वर्ज्य. लक्षणे : पाणी नितळ, वास नाही, तापमान योग्य, आणि तरीही संस्पर्शकांची टोके गोळा होऊ लागलेली. मुख्य म्हणजे पाणी बदलल्यावर एक-दोन दिवसांत असे होते.

३. क्लोरीन. नळाच्या पाण्यात किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात तो असतो. लक्षणे पाणी बदलताच काही तासांत दिसतात. उपाय : पाणी उघड्या पसरट भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मगच वापरणे.

४. फार शुद्ध पाणी. हे ऐकून नवल वाटेल. बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी किंवा घरातील आरओ यंत्राचे पाणी हायड्राला मानवत नाही. त्याला पाण्यात थोडे कॅल्शियम लागते. पेशी एकमेकींना धरून राहण्यास आणि दंशपेशींचे काम चालण्यास ते आवश्यक असते. स्वच्छ म्हणजे आरोग्यदायी हे समीकरण प्रत्येक जीवाला लागू पडत नाही. सर्वांत चांगले पाणी त्याच तलावाचे, दुहेरी फडक्यातून गाळलेले.

५. अति खाणे आणि उपवास. आठवड्यातून दोन-तीनदा डॅफ्निया द्यावेत. काही तासांनी उरलेले ड्रॉपरने काढून टाकावेत. भाताची शिते, पोळीचे तुकडे कधीही घालू नयेत. हायड्रा जिवंत भक्ष्य खातो. शिते फक्त कुजतात. उलट उपवासात हायड्रा लहान होत जातो आणि मुकुल फुटणे थांबते, पण संस्पर्शक निमुळते आणि प्रतिसाद चपळ राहतो. लहान, पण चपळ असा हायड्रा दिसला तर तो आजारी नाही, भुकेला आहे.

६. परजीवी. भिंगाने किंवा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यास हायड्राच्या अंगावर काही वेळा चिमुकले प्राणी धावताना दिसतात. केरोना हा पळणारा आणि ट्रायकोडिना हा चकतीसारखा गरगरणारा, हे दोघे बहुधा निरुपद्रवी असतात. हायड्रामीबा मात्र त्याच्या पेशीच खातो. त्याने अंगावर खरचटल्यासारख्या जागा दिसतात. असा रुग्ण वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि त्याचा ड्रॉपर दुसऱ्या बरणीत घालू नये.

निदानाची शिस्त

यादी पाठ करून निदान होत नाही. ते होते तुलनेने. निदान तीन बरण्या ठेवा. प्रत्येकीत सारखेच, मोजून दहा-दहा हायड्रा सोडा. संशय आला म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक बरणी अजिबात न बदलता तशीच राहू द्या. तुम्ही पाणीही बदलले, जागाही बदलली आणि खाणेही थांबवले आणि हायड्रा सुधारला, तर त्याला कशाने बरे वाटले? ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच आजार पुन्हा येईल.

एक नोंद वाचा. एकाच बोडीतून एकाच दिवशी आणलेले हायड्रा तीन बरण्यांत ठेवले आहेत.

बरणी 'अ' : पसरट, ओल्या वाळूत, कमी झालेले पाणी बोडीच्या पाण्याने भरून काढले. तापमान २७ अंश. आठ दिवस पायरी ०. चार नवे मुकुल.

बरणी 'आ' : पसरट, ओल्या वाळूत, भरणा स्वयंपाकघरातल्या घागरीतून. तापमान २७ अंश. पाणी नितळ. दुसऱ्या दिवशी पायरी १, चौथ्या दिवशी पायरी २.

बरणी 'इ' : निमुळत्या गळ्याची बाटली, पश्चिमेच्या खिडकीत, भरणा बोडीच्या पाण्याचा. सकाळी २८ अंश, दुपारी ३६. रोज सकाळी पायरी ०, सायंकाळी १. पाचव्या दिवशी पाण्याला वास आणि पायरी ३.

'आ' मध्ये उष्णता दोषी असू शकत नाही. कारण 'अ' चे तापमान तेच आहे. कुजणेही नाही, कारण पाणी नितळ व बिनवासाचे आहे. दोन बरण्यांत फरक फक्त भरण्याच्या पाण्याचा. संशय घागरीच्या धातूवर जातो. पण घागरीतले पाणी नळाचे असेल तर क्लोरीनवरही जातो. या दोहोंत निवाडा करायचा तर तेच नळाचे पाणी एकदा काचेच्या भांड्यात आणि एकदा घागरीत दोन दिवस उघडे ठेवून दोन नव्या बरण्यांत वापरून पाहावे लागेल. निदान म्हणजे अंदाज बांधणे आणि मग तो अंदाज खोटा ठरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे. 'इ' चे निदान मी तुमच्यावर सोपवतो. तेथे एकाऐवजी दोन गोष्टी बदललेल्या आहेत, हे मात्र विसरू नका.

आजार कळेपर्यंतचा प्रथमोपचार सोपा आहे : पसरट काचेचे भांडे, त्याच तलावाचे गाळलेले पाणी, त्याच तापमानाचे, सावली, दोन दिवस खाणे बंद. औषध काहीही नाही. मीठ तर मुळीच नाही.

पांढरे पडणे

तलावात हिरवा हायड्राही आढळतो. त्याचा हिरवा रंग त्याचा स्वतःचा नसून त्याच्या पेशींत राहणाऱ्या क्लोरेला या एकपेशीय शैवालाचा असतो. शैवाल प्रकाशात शर्करा तयार करते व काही भाग यजमानाला देते. बरणी बरेच दिवस अंधारात ठेवली तर हायड्रा फिकट होऊ लागतो. पण तो मरत नाही. डॅफ्निया मिळत असतील तर जगतो.

समुद्रातील प्रवाळाचीही अशीच भागीदारी असते. परंतु उथळ समुद्रातील कित्येक प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक भाग शैवालाकडूनच मिळतो. नेहमीच्या कडक उन्हाळ्यातील तापमानापेक्षा समुद्र केवळ एक अंशाने अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे. पांढरा म्हणजे उपाशी. लवकर गारवा मिळाला तर तो सावरतो, नाही तर भूक त्याला मारते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली असे घडले. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळ चौथ्यांदा एकाच काळात पांढरे पडत असल्याचे जाहीर केले. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले.

काचटाकीतल्या मृदू प्रवाळाच्या मालकानेही आपल्यासारखेच प्रश्न विचारायचे असतात. फक्त त्यात क्षारतेचा एक प्रश्न वाढतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १० लिटरच्या टाकीतील एक लिटर पाणी उडून गेले तर क्षार तेवढेच राहतात, पाणी ९ लिटर उरते, आणि प्रमाण लिटरमागे जवळजवळ ३९ ग्रॅम होते. पॉलिप मिटतात. मालक 'समुद्राचे पाणी कमी झाले' म्हणून पुन्हा खारे पाणी ओततो आणि क्षार आणखी वाढतात. उडून गेले ते गोडे पाणी, भरायचेही गोडेच. तुमच्या हायड्राच्या बरणीतही बाष्पीभवनाने क्षार साचतात, म्हणून भरण्याऐवजी मधूनमधून थोडे पाणी बदलणे अधिक चांगले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि त्यांचे काही नातलग यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रकाठी गेलात तर प्रवाळ पाहा, पण उचलू नका. शिकण्यासाठी हायड्रा आहेच आणि अभ्यास संपल्यावर त्याला त्याच्याच तलावात परत सोडता येते.

बरणीबाहेर

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. शरीराला डोके कोठे आणि पाय कोठे हे कसे कळते, तुटलेला भाग पुन्हा कसा वाढतो, असे मोठे प्रश्न या छोट्या जीवाच्या मदतीने अभ्यासले जातात. आपल्या खेड्यातही त्याचा एक उपयोग आहे. धानाच्या बांधीतून निघालेले पाणी शेवटी बोडीतच उतरते. त्याबरोबर खत आणि कीटकनाशकही उतरते. यांतील काही पदार्थांना हायड्रा दाद देतो. फवारणीपूर्वीचे आणि फवारणीनंतरचे पाणी वेगवेगळ्या बरण्यांत ठेवून पायऱ्या लिहिल्या, तर आपल्या बोडीत काय चालले आहे याची पहिली खूण मिळू शकते. कोणते रसायन आहे हे हायड्रा सांगणार नाही. ते प्रयोगशाळेलाच विचारावे लागेल. पण विचारायला हवे, एवढे तो नक्की सांगतो.

मात्र एक इशारा : ज्या पाण्यात हायड्रा आनंदात आहे ते पाणी पिण्यास योग्य असतेच असे नाही. त्यात रोगजंतू असू शकतात. आणि ब्लीचिंग पावडर टाकलेले, आपल्यासाठी सुरक्षित पाणी हायड्राला मारू शकते. प्रत्येक जीवाची कसोटी त्याची त्याला.

विचार करा, करून पाहा

१. 'इ' बरणीत निमुळती बाटली आणि ऊन यांपैकी अधिक दोषी कोण, हे ठरवण्यासाठी आणखी किती बरण्या लागतील? प्रत्येकीत काय ठेवाल?

२. ओल्या वाळूत ठेवलेल्या आणि कोरड्या टेबलावर ठेवलेल्या बरणीतील पाण्याचे तापमान मे महिन्यात आणि जुलै महिन्यात दर तासाला मोजा. दोन्ही महिन्यांतील फरक सारखा येतो का? नसल्यास का?

३. ५ लिटर समुद्रपाण्यातून अर्धा लिटर पाणी उडाले, तर क्षारांचे नवे प्रमाण काढा.

४. एक हायड्रा लहान झाला आहे, मुकुल नाहीत, पण स्पर्श करताच झटकन आखडतो. त्याला काय हवे आहे?